अडीच तास व्यायाम, तरीही स्ट्रेचर : अंतराळात राहिल्यावर शरीराचं काय होतं?

धागाकर्ती : गोदाकाठची

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. अवकाशाशी माझा संबंध दहावीच्या भूगोलापुरता. हा धागा निघाला तो एका आजींमुळे.

आजी ७४ वर्षांच्या. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं, पण आजी उभ्या राहायलाच तयार नाहीत. १९ मार्च २०२५ ला सकाळी त्यांच्याकडे गेले तर टीव्हीवर सुनीता विल्यम्सना यानाच्या कुपीतून बाहेर काढून स्ट्रेचरवर ठेवत होते, आणि तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होते. आजी म्हणाल्या, "बघ. नऊ महिने नुसती तरंगत होती, तिलाही उचलूनच नेतायत. आणि तू मला तिसऱ्या दिवशी चाल म्हणतेस! मी कुठली एवढी तरणीताठी?"

म्हटलं, आजी, त्याही एकोणसाठच्या आहेत. त्यावर आजी गप्प. पण प्रश्न डोक्यात राहिला तो माझ्याच. आठ दिवसांसाठी गेलेली आणि २८६ दिवस राहून आलेली बाई, रोज दोन-अडीच तास व्यायाम करणारी, तिला स्ट्रेचर का? तेव्हापासून सुटीच्या दिवशी हेच वाचतेय. चुकलं तर सांगा, इथे डॉक्टर बरेच आहेत.

आधी एक गैरसमज. माझाही होता. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ४०० किलोमीटर उंचीवर आहे म्हणून तिथे गुरुत्वाकर्षण नाही, असं काही नाही. जमिनीवर आहे त्याच्या जवळजवळ ९० टक्के तिथेही आहे. फक्त स्थानक आणि आतली माणसं तासाला सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने जाता जाता सतत पडत असतात, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे पडून कधी टेकत नाहीत. पायाखाली टेकू नसला की वजन जाणवत नाही. तेवढं एक कळलं की पुढचं सगळं माझ्याच धंद्यातलं निघालं.

कारण अंतराळात माणूस आजारी पडत नाही. शरीर तिथे अगदी शहाण्यासारखं वागतं. ते हिशेबी आहे. मांडीचं हाड, खुबा, कण्याचे मणके, पोटऱ्या हे सगळं शरीर कशासाठी पोसतं? साठ-सत्तर किलोचा डोलारा उभा ठेवायला. डोलाराच उभा करायचा नसेल तर एवढं सामान कशाला बाळगायचं? मग ते मोडीत काढायला लागतं. वजन पेलणारी हाडं, विशेषतः खुब्याची, व्यायाम न करता महिन्याला एक ते दीड टक्का विरळ होतात. इथे म्हातारपणी वर्षाला जेवढं झिजतं तेवढं तिथे महिन्यात. तेही धडधाकट माणसाचं.

झिजलेल्या हाडातलं कॅल्शियम जातं कुठे? रक्तात, तिथून लघवीत. मुतखड्याचा धोका वाढतो तो त्यामुळे. पण मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. स्थानकात लघवी शुद्ध करून पुन्हा प्यायला घेतात. २००९ मध्ये ते यंत्र बंद पडलं. उघडून पाहिलं तर आत कॅल्शियम सल्फेट साचलेलं. यंत्र बांधताना लघवीत जेवढं कॅल्शियम धरलं होतं त्यापेक्षा अंतराळवीरांच्या लघवीत जास्त निघालं. कॅल्शियम सल्फेट म्हणजे जिप्सम, आणि जिप्सम भाजूनच प्लास्टर ऑफ पॅरिस होतं. म्हणजे त्यांच्या हाडांतून निसटलेल्या कॅल्शियमचं नळीत प्लास्टर झालं होतं! हे वाचून मी हसले, आणि दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये चार जणांना सांगितलं.

आता रशियनांची गोष्ट. जून १९७० मध्ये सोयुझ-९ यानात निकोलायेव आणि सेवास्त्यानोव्ह हे दोघं जवळजवळ १८ दिवस राहिले. यान म्हणजे दोन माणसांची खोली, हलायला जागा नाही, व्यायाम जेमतेम. परतल्यावर दोघांना उभंच राहता येईना. उचलून न्यावं लागलं, नाडी धावत होती, पूर्ववत व्हायला बरेच दिवस गेले. सोव्हिएत डॉक्टर हबकले. अठरा दिवसांत ही गत, तर महिनोन्‌महिने स्थानकात कोण राहणार?

आणि १९९५. वालेरी पोल्याकोव्ह, स्वतः डॉक्टर, मीर स्थानकावर सलग ४३७ दिवस राहून उतरले. एका दमात केलेला तो विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. कुपीतून बाहेर आले आणि शेजारच्या खुर्चीपर्यंत आपल्या पायांनी चालत गेले. मंगळाच्या प्रवासाएवढा काळ काढूनही माणूस उभा राहू शकतो, हे त्यांना दाखवायचंच होतं. सोयुझ-९ च्या चोवीसपट मुक्काम, आणि स्वतःच्या पायांवर. मधल्या पंचवीस वर्षांत माणसाचं शरीर बदललं नाही. ट्रेडमिल आली.

माझ्या धाग्याचा मुद्दा खरं तर एवढाच आहे, पण ट्रेडमिलबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. वजनच नाही तिथे पळणार कसं? पहिल्या पावलालाच छताला जाल. म्हणून खांद्या-कमरेला पट्टे बांधून रबरी दोऱ्यांनी माणसाला पट्ट्यावर खाली ओढून धरतात. सुनीताताई १६ एप्रिल २००७ ला अशा पट्ट्यांत अडकून आख्खी बॉस्टन मॅरेथॉन धावल्या, ४ तास २४ मिनिटं. ज्यांनी कधी ट्रॅक्शनचा पट्टा बांधून घेतलाय त्यांना त्यातलं दुःख कळेल. आणि जिममधलं लोखंड तिथे पिसासारखं, म्हणून बैठका आणि डेडलिफ्ट निर्वात नळकांड्यांच्या यंत्रावर. पिस्टन ओढताना निर्वातामुळे रेटा मिळतो, जवळजवळ २७० किलोपर्यंत. हे यंत्र २००९ पासून वापरात आहे. आधीच्या यंत्राचा रेटा याच्या निम्माच होता आणि हाडं तरीही झिजत होती. नवं आल्यावर, पोटभर जेवण आणि ड जीवनसत्त्व यांच्या जोडीने, झीज बरीच आटोक्यात आली.

बरीच, पूर्ण नाही. २०२२ मध्ये १७ अंतराळवीरांच्या नडगीच्या हाडाचा अभ्यास आला. परतून वर्ष झालं तरी ९ जणांचं हाड पहिल्यासारखं भरलेलं नव्हतं.

मग एवढं करूनही स्ट्रेचर का? एक तर तो नियम आहे, लांब मुक्कामावरून परतणाऱ्या सगळ्यांनाच तसं नेतात, चालता येत असलं तरी. दुसरं म्हणजे कानातला तोल सांभाळणारा अवयव आणि रक्तदाब. त्यावर डॉक्टर मंडळींनी लिहावं, मी हाडं-स्नायूंपलीकडे जात नाही.

---

तिरकस_तात्या

म्हणजे सकाळी नऊ ते रात्री नऊ खुर्चीत बसणारे आम्ही आयटीवाले बिनतिकीट अंतराळवीरच की! कंपनीला सांगून विक्रम नोंदवतो. १४ वर्षं सलग.

---

गोदाकाठची

@तात्या, थट्टा बरोबर आहे, पण खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कण्यावर वजन असतंच की. रक्त पायाकडे असतं. अंतराळाची खरी नक्कल पडून राहिल्याने होते. तीही सपाट पडून नाही, डोकं सहा अंश खाली करून. जर्मनीत कलोनला असे प्रयोग चालतात. ६० दिवस पलंगावर, उशी नाही, जेवण-अंघोळ-शौच सगळं पडूनच, एक खांदा कायम गादीला टेकलेला हवा.

या सहा अंशांची कथा मजेशीर आहे. परतलेले रशियन अंतराळवीर तक्रार करायचे की झोपल्यावर पायाकडे घसरतोय असं वाटतं. मग पलंगाची पायाकडची बाजू उचलून पाहिली, तेव्हा म्हणाले, आता सपाट वाटतंय. तिथून ही युक्ती निघाली.

---

तिरकस_तात्या

६० दिवस पडून राहायचे पैसे देतात?? माझ्या मेव्हण्याचा बायोडेटा कुठे पाठवू?

---

डॉ_कंदील

धागा आवडला. ताईंनी मैदान मोकळं सोडलंय म्हणून रक्तदाबाचं मी लिहितो, आणि मग माझ्या विषयाकडे (डोळे) येतो.

उभं असताना रक्त आणि इतर द्रव पायाकडे ओढले जातात, शरीर ते वर ढकलत असतं. वजन गेलं की ढकलणं चालूच राहतं, ओढणारं कुणी नसतं. साधारण दोन लिटर द्रव छाती-डोक्याकडे सरकतो. चेहरा सुजतो, पाय काटकुळे होतात, नाक चोंदतं. सर्दी झाल्यासारखं जेवण बेचव लागतं, म्हणून सगळे तिखट सॉस मागतात. शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, मग ते लघवीवाटे काढून टाकतं. काही दिवसांत रक्ताचा एकूण साठाच कमी होतो. तिथे त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते उतरल्यावर. उभं राहिलं की उरलेलं रक्त धावतं पायांकडे, मेंदूला कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी. म्हणून उतरण्याआधी त्यांना मीठ आणि पाणी प्यायला लावतात आणि पाय-पोट आवळणारे कपडे घालतात. स्ट्रेचरचं अर्धं उत्तर हे.

आता डोळे. २०११ मध्ये सात अंतराळवीरांवरचा एक शोधनिबंध आला. सहा महिने राहून आलेले, सगळे आधी ठणठणीत. काहींच्या डोळ्यांच्या मागची नस जिथून निघते ती चकती सुजलेली, काहींचं बुबुळ मागून चपटं झालेलं, आतल्या पडद्याला सुरकुत्या. (बुबुळ म्हणजे इथे आख्खा डोळ्याचा गोळा, माझी आई तसंच म्हणते.) गोळा मागून चपटा झाला की जवळचं धूसर दिसतं. म्हणून चाळिशीपुढच्या अंतराळवीरांसोबत जास्त नंबरचे चष्मे आधीच पाठवतात.

कारण काय? पहिल्यांदा वाटलं डोक्यातला दाब वाढतो. पण ज्यांचा दाब खरोखर वाढतो असे रुग्ण आमच्याकडे येतात. डोकं फुटेल अशी दुखणी असतात, कानात धडधड ऐकू येते. अंतराळवीरांना तसलं काही होत नाही. म्हणून आजाराच्या नावातून दाब हा शब्दच काढून टाकला. एक जुळणारा तर्क असा की इथे आपण दिवसभर उभे आणि रात्री आडवे, दाब चढतो-उतरतो. तिथे चोवीस तास एकसारखा, कधी उतरतच नाही. थोडा दाब, पण विश्रांती नसलेला.

---

शेंगदाणा_चिक्की

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुनीता विल्यम्सचा तो गाल आत गेलेला फोटो फिरत होता. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर "नासा लपवतंय" म्हणून आठवडाभर गदारोळ. तुम्ही चेहरा सुजतो म्हणताय. मग?

---

डॉ_कंदील

सूज पहिल्या दिवसांत जास्त, मग द्रव घटला की ओसरते. त्यात प्रकाश कुठून पडतोय, केस कसे उभे राहिलेत यावरही फोटो बदलतो. त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की इथे आले तेव्हा होतं तेवढंच वजन आहे, उलट व्यायामाने मांड्या भरल्यात. ग्रुपवर हे कुणी पाठवलं का?

---

शेंगदाणा_चिक्की

मी पाठवलं होतं. तीन जणांनी अंगठा दिला. मूळ फोटोला एकशे चाळीस.

---

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजीत आहे. रक्ताची बाजू कुणी मांडली नाही म्हणून.

१) इथे तुमच्या-माझ्या शरीरात सेकंदाला साधारण २० लाख तांबड्या पेशी मोडतात आणि तेवढ्याच तयार होतात. कॅनडातल्या ओटावाच्या संशोधकांनी १४ अंतराळवीरांचा श्वास आणि रक्त तपासून २०२२ मध्ये दाखवलं की तिथे सेकंदाला ३० लाख मोडतात. आधी समजूत होती की द्रव घटला म्हणून सुरुवातीपुरतं असं होत असेल. पण मुक्काम संपेपर्यंत हे चालूच राहतं. परतल्यावर वर्षभरानेसुद्धा मोड थोडी जास्तच होती.

२) याहून मला थक्क करणारी केस. न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात २०२० साली आली, रुग्णाचं नाव अर्थातच नाही. मुक्कामाला दोन महिने झालेले, त्रास काहीही नाही. मानेच्या शिरांचा एक अभ्यास चालू होता, त्यासाठी अंतराळवीराने स्वतःच स्वतःच्या मानेवर सोनोग्राफीचा प्रोब फिरवला. खालून पाहणाऱ्या डॉक्टरांना डाव्या गळशिरेत गुठळी दिसली. त्या अभ्यासातल्या ११ पैकी ६ जणांच्या शिरेत रक्त एक तर थांबलेलं होतं किंवा उलटं वाहत होतं. उभं राहिलं की मानेतलं रक्त आपोआप खाली येतं, तिथे "खाली" नाहीच.

आता करायचं काय? स्थानकावर रक्त पातळ करणारं इंजेक्शन होतं, पण मोजकंच. सिरिंजा त्याहून कमी. बरं, बाटलीतून औषध ओढायचं म्हटलं तर बाटलीत औषध तळाला बसत नाही, काचेला चिकटून गोळे होतात आणि सुईत हवा येते. आणि रक्तस्राव झाला तर औषधाचा परिणाम उलटवणारं काही जवळ नाही. त्यामुळे मात्रा जपून वापरत पुढच्या मालवाहू यानाची वाट पाहिली, त्यातून गोळ्या गेल्या. तीन महिन्यांहून जास्त उपचार, उतरण्याआधी चार दिवस बंद. माणूस सुखरूप परतला. आमच्या वॉर्डात एक इंजेक्शन संपलं तर खाली मेडिकलमध्ये मुलगा धावतो.

---

भगवती_प्रसन्न

एवढी यंत्रं कशाला? आपल्या राकेश शर्मांनी १९८४ मध्येच अंतराळात योगासनं करून दाखवली होती. पाश्चात्त्यांना आपलं काही पटत नाही.

---

गोदाकाठची

@भगवती, शर्मांनी योगाचा प्रयोग केला हे खरंच आहे. एप्रिल १९८४, साल्युत-७ हे सोव्हिएत स्थानक, आठवडाभराचा मुक्काम, आणि आपण अभिमान बाळगावाच. मी माझ्या पेशंटांना आसनं रोज देते, उगाच नावं ठेवत नाही.

पण आसनांत हाडाला जो फायदा होतो तो स्वतःच्या शरीराचं वजन पेलल्यामुळे. वृक्षासनात एका पायावर साठ किलो येतात. तिथे ते येतच नाहीत. स्नायू ताणता येतील, श्वास, मन, झोप यांना उपयोग होईल. खुब्याला मात्र रेटाच लागतो, कुणीही दिला तरी चालेल. (तिथे शीर्षासन आणि ताडासन यांत फरक काय, हा माझ्या मुलाचा प्रश्न. मला उत्तर आलं नाही.)

---

तिरकस_तात्या

शवासन मात्र तिथलंच अस्सल.

---

मृगनक्षत्र

इतका वेळ वाचत होते. बायकांचं काय करतात हे कुणी विचारलं नाही, मी विचारते. पाळीचं?

---

गोदाकाठची

@मृगनक्षत्र, चांगलं केलंस. पाळी तिथे नेहमीसारखीच येते, फार बिघाड होतो असं काही दिसलेलं नाही. बऱ्याच जणी गोळ्या घेऊन ती थांबवतात, कारण सामानाचं वजन आणि कचरा. पण किस्सा सॅली राइड यांचा आहे. १९८३, अमेरिकेची पहिली अंतराळवीरा, आठवड्याभराची फेरी. इंजिनीअर मंडळींनी विचारलं, १०० टॅम्पॉन पुरतील ना? त्या म्हणाल्या, हा आकडा बरोबर नाही. ते म्हणाले, आम्हाला कमी पडायला नकोत!

रॉकेट बांधणाऱ्या माणसांनी एकदा घरी विचारलं असतं तरी चाललं असतं.

---

मृगनक्षत्र

😂 नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, "का, १०० कमी होतात?"

---

रोखठोक_७२

हे सगळं वाचून मनोरंजन झालं. पण तालुक्याच्या दवाखान्यात खाट मिळत नाही आणि आपण गगनयानातून माणसं तीन दिवस तरंगायला पाठवायला कोट्यवधी घालणार. याचा सामान्य माणसाला उपयोग काय?

---

गोदाकाठची

खाट मिळत नाही हे मी रोज बघते, त्यावर वाद घालणार नाही.

उपयोगाचं म्हणाल तर, आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैत स्थानकावर गेले तेव्हा त्यांच्या सामानात एक प्रयोग स्नायूंच्या मूळ पेशींचा होता. वजन नसताना स्नायू पुन्हा तयार होताना अडखळतात, काही पूरक देऊन ते सावरता येतं का, हे पाहायला. त्यांनी पंतप्रधानांशी बोलताना सांगितलं की याचा उपयोग म्हाताऱ्या माणसांच्या झिजणाऱ्या स्नायूंना होऊ शकतो. होईल की नाही माहीत नाही. पण माझ्या आजींना सहा आठवड्यांत जे होतं तेच धडधाकट माणसाला तिथे होतं, आणि वय, मधुमेह, औषधं यांचा घोळ त्यात नसतो. अभ्यासाला इतकी निर्मळ केस खाली सापडत नाही.

तेच शुक्ला परतल्यावर म्हणाले की हातातला मोबाइल जड वाटला. आणि पलंगावर काम करता करता लॅपटॉप मिटून बाजूला हवेत सोडून दिला, तरंगेल या भरवशावर. खाली गालिचा होता म्हणून वाचला. वीस दिवसांत मेंदूची ही सवय! स्ट्रेचरचं उरलेलं अर्धं उत्तर हे. कानातला तोल सांभाळणारा अवयव "खाली कुठे" हे विसरून बसलेला असतो आणि मेंदूने त्याच्याकडे लक्ष देणं सोडलेलं असतं. म्हणून परत शिकवावं लागतं, पाय जुळवून उभं राहा, डोळे मिटा, मान वळवा, वळणावर चाला. हे व्यायाम मी चक्कर येणाऱ्या पेशंटांना देते, तेच.

---

हिमवाट

मी अंटार्क्टिकात भारताच्या मैत्री तळावर एक हिवाळा काढलाय (तांत्रिक विभाग). हाडांचं माहीत नाही, पण बंद डब्यात थोड्या माणसांबरोबर राहण्याचं माहीत आहे.

सूर्य मावळतो तो दोन महिने उगवतच नाही. झोपेचं पार खोबरं होतं. स्थानकावर उलट प्रकार, दिवसाला १६ सूर्योदय. शरीराचं घड्याळ दोन्हीकडे बिचारं गोंधळतं. चिडचिडीचं मूळ शोधायला गेलात तर सापडत नाही. आमच्याकडे एका सहकाऱ्याच्या चमचा वाजवण्यावरून दोन माणसं तीन आठवडे बोलत नव्हती. एरवी दोघंही अगदी देवमाणसं.

आणि मुख्य म्हणजे, विमान येऊ शकत नाही. आमच्यापासून काही किलोमीटरवर रशियनांचं नोवोलाझारेव्स्काया आहे. तिथे एप्रिल १९६१ मध्ये लिओनिद रोगोझोव्ह या तरुण डॉक्टरांचं अपेंडिक्स सुजलं. तळावर दुसरा डॉक्टर नाही. मेकॅनिकला आरसा धरायला लावून त्यांनी स्वतःचं ऑपरेशन स्वतः केलं. आणि दोन आठवड्यांत कामावर हजर. तो किस्सा तिथे नव्या माणसाला ऐकवतातच, शक्यतो जेवताना.

स्थानकावरून निदान उतरता तरी येतं. साल्युत-७ वरचे कमांडर वास्युतिन १९८५ मध्ये आजारी पडले तेव्हा मोहीम आवरून सगळे खाली आले. मंगळाच्या वाटेवर?

---

परग्रहवासी

@हिमवाट, मंगळाचाच मुद्दा घेऊन बसलो होतो.

एकेरी प्रवास सहा ते नऊ महिने. मध्येच मागे फिरायचा रस्ता नाही. मंगळ लांब असेल तेव्हा "डॉक्टर, छातीत दुखतंय" हे वाक्य पृथ्वीवर पोचायला २० मिनिटांहून जास्त, उत्तर यायला तेवढीच. सोनोग्राफी करताना "जरा डावीकडे" सांगायला वरून-खालून कुणी नाही.

आणि किरणोत्सर्ग. स्थानक ४०० किलोमीटरवर म्हणजे अजून पृथ्वीच्या चुंबकीय छत्रीखाली आहे. तरी तिथे दिवसाला अर्धा मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग मोजायचं एकक) किंवा थोडा जास्त. आपल्याला जमिनीवर निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिळतो. छत्रीबाहेर मोजलंय ते क्युरिऑसिटी गाडी मंगळाकडे जात असताना, दिवसाला सुमारे १.८. जाऊन-येऊन फक्त प्रवासाचाच हिशेब ६६० च्या आसपास जातो. नासाने एका अंतराळवीराला आख्ख्या नोकरीत घालून दिलेली मर्यादा ६०० आहे. म्हणजे मंगळावर उतरायच्या आतच खातं ओव्हरड्राफ्टमध्ये!

डोळे मिटल्यावर प्रकाशाचे चमकारे दिसतात म्हणे. अपोलो-११ पासूनचे अंतराळवीर सांगत आलेत. वैश्विक किरण सरळ डोळ्यातून आरपार जातात त्याचे. व्यायामाने हाड वाचेल, याला कुठली ट्रेडमिल?

---

तिरकस_तात्या

पिक्चरमध्ये दाखवतात तसं गरागरा फिरणारं स्थानक का बांधत नाहीत? वजन परत येईल, सगळा प्रश्न मिटला.

---

परग्रहवासी

@तात्या, येईल. पण हिशेब करा. मिनिटाला दोनच फेऱ्या ठेवल्या (त्याहून बऱ्याच जास्त फेऱ्या झाल्या तर मान वळवली की मळमळतं) तर पृथ्वीइतकं वजन मिळायला त्रिज्या २२४ मीटर हवी. म्हणजे साडेचारशे मीटर रुंदीचं चाक. आत्ताचं स्थानक सौरपंख्यांसकट जेमतेम १०९ मीटर, आणि तेवढं जोडायला दहा-बारा वर्षं लागली.

---

तिरकस_तात्या

मळमळ म्हणजे काय, जाताना घाटातली एसटी आणि तिथे गेल्यावरही एसटीच?

---

डॉ_कंदील

जवळपास. पहिले दोन-तीन दिवस निम्म्याहून जास्त जणांना ओकाऱ्या-मळमळ होते, कसलेला वैमानिक असला तरी. पहिला मान सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव्ह यांचा, ऑगस्ट १९६१. डोळे सांगतात एक, कान सांगतो दुसरंच. गगनयानची पहिली मानवी फेरी तीनच दिवसांची ठरलीय, म्हणजे हाडांना काही व्हायच्या आत परत. पण मळमळीचे दिवस नेमके तेच. बंगळुरूच्या वायुदलाच्या वैद्यकीय संस्थेत त्यासाठीच फिरत्या खुर्चीत बसवून घुसळून काढतात.

---

शेंगदाणा_चिक्की

शुक्लांनी आमरस नेला होता ना वर? मूग डाळ हलवा, गाजर हलवा आणि आमरस. मळमळीत आमरस. मला नाही जमणार.

---

मृगनक्षत्र

ताई, आजींचं काय झालं ते सांगितलंच नाहीस.

---

गोदाकाठची

अगं हो. मी त्यांना सोयुझ-९ आणि पोल्याकोव्हची गोष्ट सांगितली, जशी इथे लिहिली तशीच. म्हणाल्या, "तो रशियन डॉक्टर होता, त्याला कळत होतं. मला काय कळतंय?" दोन दिवस काही हललं नाही. तिसऱ्या दिवशी त्या जिप्समच्या नळीचं सांगितलं, हाडं लघवीतून जातात म्हणून. त्यावर मात्र चेहरा बदलला. वॉकर मागितला.

आता देवघरापर्यंत एकट्या जातात. अंगणाची पायरी अजून राहिलीय. रोज विचारतात, त्या सुनीताला अडीच तास, मग मला वीसच मिनिटं का?

@परग्रहवासी, किरणोत्सर्गावर वेगळा धागा काढा ना. मला सकाळी सातला पेशंट आहे, रविवारी वाचते.